कोकणातल्या तेलपिकांची आनुवंशिक विविधता आणि नवे वाण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात तेल म्हटलं की आधी नारळ आठवतो. पण पावसाळ्यात वरकसावर फुलणारा कारळा, भात निघाल्यावर उन्हाळी भुईमूग, बांधावरचा तीळ, परड्यातला कोकम आणि किनाऱ्यालगतची उंडी हीसुद्धा आपली तेल देणारीच झाडं. यांचे नवे वाण कशातून तयार होतात आणि आपल्या बागेतल्या झाडांचा त्याच्याशी काय संबंध, हे बागायतदार, रोपवाटिकावाले आणि कृषी शाखेची मुलं नेहमी विचारतात. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

एकाच बागेतले दोन माड वेगळे दिसतात. हीच आनुवंशिक विविधता का?

त्यातला काही भागच. दोन झाडांत दिसणाऱ्या फरकाची कारणं दोन. एक म्हणजे जमीन, पाणी, खत आणि ऊन. दुसरं म्हणजे आईबापांकडून आलेली जनुकं. पहिल्या कारणाने पडलेला फरक त्या झाडाबरोबरच संपतो. दुसरा पुढच्या पिढीत उतरतो, आणि वाण तयार करणाऱ्या पैदासकाराला कामाचा तोच.

घराच्या मोरीचं पाणी वर्षभर पिणारा माड बघा. तो भरभरून धरतो आणि मालक कौतुकाने त्याचेच नारळ रोपांसाठी ठेवतो. पण त्याच्या भरघोसपणात मोरीचा वाटा किती आणि जनुकांचा किती, हे नुसतं बघून कळत नाही. म्हणूनच मातृवृक्ष निवडताना घरालगतचे, गोठ्यालगतचे आणि विहिरीकाठचे माड बाजूला ठेवायची शिफारस असते. बागेच्या मधोमध, इतरांसारखंच खतपाणी मिळूनही जो शेजाऱ्यांपेक्षा सातत्याने जास्त धरतो, त्याच्यात काहीतरी उतरण्यासारखं असण्याची शक्यता जास्त.

खात्री करायची तर त्याची पिल्लावळ इतरांच्या पिल्लावळीसोबत एकाच जमिनीत, एकसारख्या निगेत वाढवून मोजावी लागते. भुईमुगात हे एका हंगामात होतं. नारळात दहा-पंधरा वर्षं जातात. कोकणातल्या नारळाच्या वाणांची यादी लहान का, याचं मोठं कारण हेच.

विविधता नसेल तर पैदासकाराचं काय अडतं?

सगळंच अडतं. निवड करणं म्हणजे समोर असलेल्यातलं उचलणं. रोगाला तोंड देणारं जनुक समोरच्या झाडांपैकी एकातही नसेल, तर शंभर वर्षं निवड केली तरी ते येणार नाही. मग ते दुसऱ्या प्रदेशातून, जंगली नातेवाइकातून किंवा उत्परिवर्तनातून, म्हणजे जनुकांत घडवलेल्या बदलातून, आणावं लागतं.

जमैका बेटाने याची किंमत मोजली आहे. तिथल्या बागा मुख्यतः ‘जमैका टॉल’ या एकाच उंच जातीच्या होत्या. लीथल यलोइंग नावाचा रोग १९६० नंतरच्या दोन दशकांत पसरला आणि त्या बागा उभ्याच्या उभ्या वाळल्या. तारणहार निघाला दुसऱ्या टोकाचा, मलायन बुटका. पनामाच्या उंच जातीशी त्याचा संकर करून ‘मेपॅन’ तयार झाला आणि बेटभर त्याची लागवड झाली. काही दशकांनी तोही रोगाला बळी पडू लागला. एका चांगल्या वाणाने प्रश्न कायमचा सुटत नाही. मागे आणखी वेगवेगळी झाडं शिल्लक हवीत.

‘बाणवली’, ‘सिंगापुरी’, ‘टी बाय डी’ यांत फरक काय?

बाणवली म्हणजे आपला नेहमीचा उंच माड, वेस्ट कोस्ट टॉल. साधारण सहा-सात वर्षांनी धरू लागतो आणि ऐंशी-शंभर वर्षं जगतो. खोबरं जाड, तेल भरपूर.

सिंगापुरी या नावाखाली कोकणात जवळजवळ सगळेच बुटके माड खपतात. चौघाट ऑरेंज ड्वार्फ, मलायन यलो, गंगाबोंडम यांना लोक एकच नाव देतात. यांना तिसऱ्या-चौथ्या वर्षी पोय, म्हणजे फुलोरा, येते. चौघाट ऑरेंजचं शहाळं गोड असतं, पण त्याच्या खोबऱ्याला तेलासाठी मागणी नाही.

टी बाय डी म्हणजे उंच (टॉल) आई आणि बुटका (ड्वार्फ) बाप. डी बाय टी म्हणजे उलट. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राने निवड पद्धतीने ‘प्रताप’ दिला आणि संकरातून ‘कोकण भाट्ये नारळ संकर-१’. या संकराची आई गंगाबोंडम आणि बाप ईस्ट कोस्ट टॉल, म्हणजे दोघेही पूर्व किनाऱ्याचे. कोकणच्या मातीसाठी शिफारस झालेल्या या संकरात कोकणचा एकही आईबाप नाही. विविधता आपल्या आवाराबाहेरही शोधावी लागते, हे मला या उदाहरणाने जितकं पटलं तितकं दुसऱ्या कशाने नाही.

उंच माडाची रोपं आईसारखी का निघत नाहीत, आणि बुटक्याची बरीचशी का निघतात?

उत्तर पोयीत आहे. पोय फुटली की तिच्या प्रत्येक लोंबीच्या बुडाशी एक-दोन गोल मादी फुलं दिसतात आणि वर टोकापर्यंत शेकडो बारीक, पिवळट नर फुलं. उंच जातीत आधी नर फुलं उमलतात आणि अडीच-तीन आठवड्यांत सगळी गळून जातात. त्यानंतर मादी फुलं तयार होतात, त्यांच्या टोकाला मधाचा थेंब चमकतो आणि मुंग्या-मधमाश्या धावतात. तोवर त्याच पोयीतला पराग संपलेला असतो. त्यामुळे पराग बहुतेक वेळा शेजारच्या माडाचा येतो. बाप कोण हे मालकाला ठाऊक नसतं, म्हणून रोपं वेगवेगळी निघतात.

बुटक्या जातीत नर आणि मादी फुलांच्या वेळा एकमेकांवर येतात. झाड बरंचसं स्वतःच्याच परागाने धरतं आणि संतती आईवर जाते.

हा फरक कळला की नारळातलं अर्धं शास्त्र कळलं. उंच जातीच्या बागेत विविधता झाडाझाडात विखुरलेली असते. बुटक्यांमध्ये ती एका जातीत थोडी आणि जातीजातींत जास्त असते. म्हणून उंच जातीचे नमुने गोळा करताना एका गावातून अनेक माडांचे नारळ घ्यावे लागतात, बुटक्याचं थोडक्यात भागतं.

नारळाचा संकर प्रत्यक्षात कसा करतात? रोप इतकं महाग का?

निवडलेल्या आईच्या माडावर माणूस चढतो. नुकत्या फुटलेल्या पोयीतली नर फुलं कात्रीने एकूण एक कापून काढतो. एकही राहिलं तर काम वाया. मादी फुलं तयार व्हायच्या आधी पोयीला कापडी पिशवी बांधतात. बापाच्या झाडाचा पराग आधीच सुकवून, चाळून, टाल्कम पावडरीत मिसळून ठेवलेला असतो. फुलं तयार झाली की रोज वर चढून पिशवीत तो पराग फुंकायचा. एका घडातली सगळी फुलं एकाच दिवशी तयार होत नाहीत, म्हणून हे काही दिवस चालतं. पुढे पिशवी काढायची, नारळ पिकायला अकरा-बारा महिने थांबायचं आणि मग तो रुजत घालायचा. एवढं करून एका घडातून मिळतात मोजके नारळ, आणि प्रत्येक नारळातून एकच रोप. भुईमुगाचं वा तिळाचं बी एका हंगामात कितीतरी पट होतं, इथे तसं नाही.

जगातला पहिला नारळ संकर १९३२ मध्ये आपल्याच किनाऱ्यावर, उत्तर केरळातल्या नीलेश्वर इथे डॉ. जे. एस. पटेल यांनी केला. आई वेस्ट कोस्ट टॉल, बाप चौघाटचा हिरवा बुटका. संकराची रोपं आईबापांपेक्षा जोमदार वाढतात, हे त्यातून पुढे आलं.

रोपवाटिकेत संकरित रोप ओळखता येतं का?

आई नारिंगी किंवा पिवळी बुटकी असेल तर येतं. कोवळ्या रोपाच्या देठाचा रंग बघा. आईने स्वतःच्याच परागाने धरलं असेल तर देठ स्वच्छ नारिंगी किंवा पिवळा असतो. उंच बापाचा पराग लागला असेल तर देठ तपकिरी छटेचा येतो. आई हिरवी असेल तर मात्र रंगावरून भरवसा धरता येत नाही. तिथे रोपवाटिकेची विश्वासार्हता हाच आधार.

संकरित माडाचे नारळ लावून घरच्या घरी संकरित रोपं करता येतील?

नाही. पुढच्या पिढीत आईबापांचे गुण पुन्हा फुटतात. काही रोपं बुटक्यावर जातात, काही उंचावर, काही मधेच लोंबकळतात. अनेक दशकं जागा अडवणाऱ्या झाडाबाबत हा जुगार परवडत नाही. संकरित माडाचे नारळ खा, विका, तेल काढा. रोपांसाठी ठेवू नका.

जातीजातींत तेलाचा फरक खरंच इतका पडतो?

पडतो. वेस्ट कोस्ट टॉलच्या एका नारळातून सरासरी १७६ ग्रॅम सुकं खोबरं मिळतं आणि त्यात सुमारे ६८ टक्के तेल. लक्षद्वीप ऑर्डिनरी, म्हणजे ‘चंद्रकल्पा’, हिचं खोबरं १९५ ग्रॅमच्या आसपास आणि तेल ७२ टक्के. म्हणजे एका नारळामागे सुमारे १२० ग्रॅम विरुद्ध १४० ग्रॅम. घाण्यावर हजार नारळांचं खोबरं नेणाऱ्याला वीस किलो तेलाचा फरक दिसेल.

तेल किती, यात फरक मोठा. ते कोणत्या प्रकारचं, यात मात्र नारळात फारसा फरक नाही. कुठलीही जात घ्या, निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्लच. त्यामुळे नारळात पैदासकार तेलाचा प्रकार बदलायच्या मागे लागत नाही. खोबऱ्याचं वजन, घडांची संख्या, लवकर धरणं आणि कीड-रोग यांकडे बघतो.

भुईमुगाचे इतके वाण बाजारात आहेत. तरी त्यात विविधता कमी आहे असं का म्हणतात?

वाणांची नावं अनेक असली तरी सगळे एकाच घराण्यातले आहेत. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तिथे काही हजार वर्षांपूर्वी दोन जंगली जातींचा नैसर्गिक संकर झाला, ‘अ‍ॅराकिस ड्युरानेन्सिस’ आणि ‘अ‍ॅराकिस इपाएन्सिस’. दोघांची गुणसूत्रं वीस-वीस. त्या संकरात गुणसूत्रं दुप्पट होऊन चाळीस झाली आणि आजचा भुईमूग जन्मला. चाळीस गुणसूत्रांचं हे रोप वीसवाल्या जंगली नातेवाइकांशी सहज संकर करू शकेना, त्यामुळे बाहेरचं रक्त येणंच थांबलं. उपट्या, पसऱ्या, निमपसऱ्या, लाल दाणा, गुलाबी दाणा हे आपल्याला दिसणारे फरक खरे आहेत, पण रोगाविरुद्ध लढणारी जनुकं या घराण्यात फार थोडी उरली.

कोकणात टिक्का आणि तांबेरा काय करतात हे पावसाळी भुईमूग पेरणाऱ्याला सांगायला नको. ऑगस्टमध्ये पानांवर काळपट ठिपके दिसू लागतात आणि शेंगा भरायच्या वेळी रोप बोडकं झालेलं असतं. या दोन्ही रोगांना तोंड देणारा गुण मिळाला तो ‘अ‍ॅराकिस कार्डेनासी’ या जंगली जातीत. गुणसूत्रांचा मेळ घालण्याची खटपट करून तो भुईमुगात आणावा लागला. त्या वंशातून धारवाडला ‘जीपीबीडी-४’ हा वाण तयार झाला आणि पुढे देशभर अनेक संकरांत तो एक पालक म्हणून वापरला गेला. ज्या गवतासारख्या वेलाच्या शेंगा कुणी खात नाही, त्याने हजारो शेतं वाचवली. जंगली नातेवाइकांकडे तण म्हणून बघणाऱ्यांनी हे उदाहरण मनात ठेवावं.

भुईमुगात संकर कसा होतो? फूल तर स्वतःच धरतं.

म्हणूनच कष्टाचं काम आहे. फूल सकाळी उमलतं, पण त्याआधीच आतल्या आत परागीभवन झालेलं असतं. त्यामुळे आदल्या संध्याकाळी कळी चिमट्याने उघडून आतले पुंकेसर काढायचे, कळीला खुणेचा दोरा बांधायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे बापाच्या फुलाचा पराग तिच्या कुक्षीवर लावायचा. आठवडाभरात आरी, म्हणजे पुढे शेंग धरणारा दांडा, सुटून जमिनीत शिरली तर प्रयत्न जमला. एका फुलातून दोन दाण्यांची शेंग, फार तर तीन.

तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्राचा भुईमुगाशी काय संबंध?

खूप जवळचा. विविधता कमी असलेल्या पिकात ती निर्माण करण्याचा एक मार्ग म्हणजे उत्परिवर्तन. भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘स्पॅनिश इम्प्रूव्हड’ या वाणाच्या बियाण्यावर क्ष-किरणांचा मारा केला. जनुकांत बदल होऊन हजारो रोपांत बहुतेक निरुपयोगी निघाली. काहींचा दाणा मात्र मोठा होता. त्यातून १९७३ मध्ये ‘टीजी-१’ आला. पुढे असे उत्परिवर्तित वाण आपापसांत आणि इतरांशी संकरित करत ट्रॉम्बेच्या, म्हणजे तुर्भ्याच्याच, वाणांची माळच तयार झाली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठासोबतचा ‘टॅग-२४’ ठेंगणा आणि आटोपशीर असून पाल्यापेक्षा शेंगांत ताकद घालतो. ‘टीपीजी-४१’ टपोऱ्या दाण्यासाठी प्रसिद्ध आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे ‘कोकण गौरव’ आणि ‘कोकण टपोरा’ हे आपल्या हवामानासाठी दिलेले वाण.

किरणांचा मारा केलेला भुईमूग खाल्ला तर अपाय होतो का?

नाही. मारा एका पिढीच्या बियाण्यावर, प्रयोगशाळेत झाला. त्या बियाण्यात किरणोत्सर्ग शिल्लक राहत नाही. आपल्यापर्यंत येतं ते अनेक पिढ्या शेतात वाढलेलं साधं बी.

काढणीच्या वेळी पाऊस आला की शेंगांना जमिनीतच मोड येतात. यावर वाण आहे?

हा आनुवंशिक गुण आहे. उपट्या स्पॅनिश प्रकारच्या दाण्याला झोप अशी नसतेच. पिकला आणि ओल मिळाली की रुजतो. पसऱ्या व्हर्जिनिया प्रकारचा दाणा काढणीनंतर काही काळ सुप्त राहतो, पण तो तयार व्हायला जास्त दिवस घेतो. दोन्हींचा संकर करून लवकर येणारा आणि तरी दोन-तीन आठवडे सुप्त राहणारा दाणा मिळवणं हे पैदासकारांचं जुनं उद्दिष्ट आहे आणि काही वाणांत ते साधलंही आहे. माझं मत असं की कोकणातल्या खरीप भुईमुगासाठी वाण निवडताना शेंगांच्या उताऱ्याइतकंच याला महत्त्व द्यायला हवं. परतीचा पाऊस ऑक्टोबरात कधी झोडपेल सांगता येत नाही. बियाणं घेताना ‘ताज्या दाण्याची सुप्तावस्था किती दिवस’ हे विचाराच.

‘हाय ओलिक’ भुईमूग म्हणजे काय?

नेहमीच्या शेंगदाणा तेलात ओलिक आम्ल साधारण निम्मं आणि लिनोलिक आम्ल तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतं. लिनोलिकचा हवेशी संयोग लवकर होतो आणि तेल, दाणे, चिक्की, कूट खवट होतं. आपल्या दमट हवेत तर फारच लवकर. अमेरिकेतल्या फ्लोरिडात १९८० नंतरच्या दशकात एक असा भुईमूग सापडला ज्यात ओलिक जवळजवळ ८० टक्के होतं. कारण ओलिकचं लिनोलिक करणारी दोन जनुकं त्यात बिघडलेली होती. भुईमुगाला दोन जंगली पूर्वज, म्हणून हे जनुकही दोन प्रतींत. एकच बिघडून भागत नाही.

तेलाचं एकूण प्रमाण अनेक जनुकांच्या थोड्या-थोड्या वाट्यातून ठरतं, म्हणून ते वाढवणं संथ चालतं. इथे मात्र दोनच जनुकं, आणि तीही नेमकी माहीत. डीएनएवरची खूण वापरून रोपटं लहान असतानाच ती आहेत की नाहीत ते तपासता येतं. हैदराबादजवळची इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आणि जुनागढची भुईमूग संशोधन संस्था यांनी या मार्गाने ‘गिरनार-४’ आणि ‘गिरनार-५’ दिले.

रस्त्याकडेला जांभळट फुलांचा तीळ दिसतो. तो शेतातला पसरलेला आहे का?

बहुधा तो रानतीळ, ‘सिसॅमम मलबारिकम’. शेतातल्या तिळाचा सर्वांत जवळचा जंगली नातेवाईक, आणि पश्चिम किनारपट्टी हे त्याचं घर. तिळाची शेती भारतीय उपखंडातच सुरू झाली, असं मानण्याचं एक मुख्य कारण हा रानतीळ. दोघांची गुणसूत्रं सव्वीस, संकर सहज होतो आणि संतती फलतेही.

रानतिळाचा दाणा बारीक, काळपट आणि तेलाला कमी. पण भर पावसाच्या प्रदेशात कुणी काळजी न घेता तो पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. शेतातला तीळ दोन दिवस पाणी साचलं तर मान टाकतो. रानतिळाच्या पेशीद्रव्यातून नर-वंध्यत्वाचा, म्हणजे फुलात कामाचा पराग न होण्याचा, गुणही मिळाला आहे. तिळात संकरित बियाणं करायचं तर तो हवा. रस्ते रुंद करताना, कडेचं रान साफ करताना हा तीळ कुणाच्या हिशेबात नसतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण भुईमुगाचं मूळ दूरदेशी आहे, तिळाचा हा भाऊबंद मात्र आपल्या अंगणातला.

कारळ्याचं बी घरचंच ठेवतो. चालेल?

चालेल, पण दोन-चार बोंडांतून नको. कारळा, ज्याला जव्हार-मोखाड्याकडे खुरासणी म्हणतात, मूळचा इथिओपियाचा. त्याचं फूल स्वतःच्या परागाने धरत नाही. मधमाशीने दुसऱ्या झाडाचा पराग आणला तरच दाणा. म्हणून प्रत्येक झाड थोडं वेगळं असतं आणि शेतात ही विविधता आपोआप राखली जाते. बियाणं मात्र शेतभर फिरून, निरोगी आणि भरपूर फुलं धरलेल्या शंभरभर झाडांचं एकत्र करून ठेवा. मोजक्या झाडांचं ठेवलं तर दोन-तीन पिढ्यांत सगळी झाडं नात्यातली होतात आणि दाणा धरणं घटतं. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारलं तर माश्या जातात, माश्या गेल्या की पीक गेलं.

कोकम आणि उंडीतही वाण आहेत का?

कोकमात आहेत. कोकमाची नर आणि मादी झाडं वेगळी, आणि बियांपासून लावली तर जवळजवळ निम्मी नर निघतात. सहा-सात वर्षं वाट बघून कळतं की हे झाड फळ देणारच नाही. म्हणून मादी झाडाची मृदुकाष्ठ (कोवळ्या खोडावर बांधलेली) कलमं लावतात. दापोलीच्या ‘कोकण अमृता’ची फळं लवकर तयार होतात आणि पावसाच्या तडाख्यातून बरीचशी वाचतात. ‘कोकण हातीस’चं फळ मोठं. परागासाठी बागेत थोडी नर झाडंही ठेवावी लागतात.

तरी या निवडी फळाकडे आणि सालीकडे बघून झाल्या. आमसूल आणि सरबताचा बाजार पाहता ते योग्यच. पण बी उकळून काढलेलं भिरंडेल आज सौंदर्यप्रसाधनांत आणि मिठाईत मागणीचं आहे. ते घट्ट राहतं कारण त्यात स्टिअरिक आम्ल निम्म्याहून जास्त. बियांतल्या तेलाचं प्रमाण झाडागणिक वेगळं असतं. ते मोजून निवड करण्याला भरपूर वाव आहे, आणि कृषी शाखेच्या विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी विषय शोधताना याकडे बघावं असं मला वाटतं.

उंडी अजून रानटीच. गरात साठ-सत्तर टक्के तेल, ते खाण्याचं नाही. पूर्वी दिव्यांना आणि होड्यांना लावायचे. आज रोपं मिळतात ती कुठल्याही झाडाच्या बियांची.

२०२० च्या निसर्ग वादळात जुनी बाग पडली. नवी रोपं लावली की नुकसान भरून निघालं ना?

उत्पन्नाचं, काही वर्षांनी, बरंचसं. विविधतेचं नाही.

३ जून २०२० ला वादळ श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात किनाऱ्याला धडकलं आणि मुरुडपासून दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या. पुढच्या मेमध्ये तौक्ते येऊन गेलं. पडलेल्यांत साठ-सत्तर वर्षांचे माड होते, प्रत्येक वाडीत वेगळ्या बापाच्या परागाने झालेले. त्यांच्या जागी आलेली रोपं थोड्याच रोपवाटिकांतली, म्हणजे थोड्याच मातृवृक्षांची. हेच किनारपट्टीभर झालं तर आपली बाग नकळत अरुंद होते. २०१६ मध्ये तामिळनाडूत पहिल्यांदा दिसलेली सर्पिलाकार पांढरी माशी आता आपल्याकडेही पानं काळी करते आहे, आणि बुटक्या जातींवर तिचा जोर जास्त दिसतो. पुढची कीड कुठली हे कुणाला माहीत नाही. तिला कोण तोंड देईल ते वाडीतल्या जुन्या माडांतच असेल, असू शकेल.

म्हणून ज्यांची जुनी झाडं वाचली त्यांनी ती नुसती ‘उंच झाली, नारळ काढायला पाडेली मिळत नाही’ म्हणून तोडू नयेत. वादळात जे माड उभे राहिले त्यांचे नारळ रुजत घाला. नवी लागवड करताना तीन भाग बाणवली किंवा प्रताप आणि एक भाग संकरित असं मिश्रण ठेवा, आणि रोपं एकाच ठिकाणाहून घेऊ नका.

नारळाचं बी शीतगृहात जपून ठेवता येत नाही का?

नाही. भुईमुगाचं, तिळाचं बी सुकवून थंडीत अनेक वर्षं टिकतं. इक्रिसॅटच्या जनुकपेढीत भुईमुगाचे सुमारे पंधरा हजार नमुने असे ठेवले आहेत. नारळ सुकवला की मरतो आणि ओला ठेवला की रुजतो. त्याची पेढी म्हणजे जमिनीवर उभी केलेली बाग. कासरगोडची केंद्रीय रोपवन पिके संशोधन संस्था दक्षिण आशियासाठीची अशी आंतरराष्ट्रीय बाग कर्नाटकात किडू इथे सांभाळते. जागा मर्यादित, झाडं म्हातारी होतात, पुन्हा लावावी लागतात. त्यामुळे लोकांच्या वाडीत जे उभं आहे त्याला पर्याय नाही.

आमच्या वाडीत मऊ, गोड खोबऱ्याचा माड आहे. त्याचं काय करावं?

‘मोहाचा नारळ’ म्हणून कोकणात तो ओळखला जातो आणि महाराष्ट्रातून त्याची शास्त्रीय नोंदही झाली आहे. तोडू नका. बहर, घडांची संख्या, खोबऱ्याची चव यांची वहीत नोंद ठेवा, फोटो काढा आणि भाट्ये केंद्राला किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला कळवा. तेलासाठी तो कामाचा नाही, पण शहाळं आणि मिठाईच्या बाजारात त्याला मोल आहे.

अशा झाडावर माझा कायदेशीर हक्क लागतो का?

पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकरी स्वतः राखलेला किंवा विकसित केलेला वाण नोंदवू शकतो आणि त्यासाठी त्याला नोंदणी शुल्क नाही. झाडांच्या वाणाला जास्तीत जास्त १८ वर्षं संरक्षण मिळतं. संरक्षित वाणाचंसुद्धा बी ठेवणं, पेरणं, शेजाऱ्याला देणं, विकणं हा शेतकऱ्याचा हक्क शाबूत आहे. फक्त ब्रँडचं लेबल लावून विकता येत नाही. विविधता जपणाऱ्या शेतकऱ्यांना आणि गावांना याच कायद्याखाली पुरस्कारही दिले जातात.

यातल्या कुठल्या पिकात जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जनुक बदललेले, वाण आहेत?

भारतात नारळ, भुईमूग, तीळ, कारळा किंवा कोकम यांचा एकही जीएम वाण लागवडीत नाही. वाद चालू आहे तो मोहरीचा, ‘डीएमएच-११’ या जीएम संकरित वाणाचा.

शेवटी, रोपांसाठी माड आणि रोप कसं निवडू?

माड वीस वर्षांवरचा घ्या, दरवर्षी सातत्याने ऐंशीच्या वर नारळ देणारा. डोक्यावर तीसच्या वर झावळ्या, घडाचा दांडा आखूड आणि जाड, म्हणजे घड झावळीवर टेकतो आणि मोडत नाही. सुकं खोबरं नारळामागे दीडशे ग्रॅमच्या खाली नको. एका वर्षी भरपूर आणि पुढच्या वर्षी रिकामा, असा माड सोडा. एकाच माडाचे शंभर नारळ घेण्यापेक्षा दहा माडांचे दहा-दहा घ्या.

नारळ पूर्ण पिकलेला, अकरा-बारा महिन्यांचा हवा आणि हलवल्यावर पाणी वाजलं पाहिजे. उंचावरून खाली टाकू नका, दोरीने उतरवा. रुजत घातल्यावर जे आधी उगवतात ते सहसा पुढे लवकर धरतात. पाच-सहा महिन्यांत न उगवलेले काढून टाका. लावणीसाठी नऊ ते बारा महिन्यांचं, पाच-सहा पानांचं, बुंध्याचा घेर दहा सेंटीमीटरच्या वर असलेलं आणि पानं लवकर चिरलेली असतील असं रोप निवडा. उरलेली, कितीही जीव जडला तरी, लावू नका. आणि कुठलं रोप कुठल्या माडाचं, ते वहीत लिहून ठेवा.